धुडकूच्या नावाची मूठ

१२ जून १९९५

समुपदेशन केंद्र म्हणे! सुरतेच्या डिंडोली भागातल्या एका धर्मादाय दवाखान्याची ही मागची खोली. पूर्वी इथे फिनाइलचे कॅन ठेवत, वास अजून गेलेला नाही. भिंतीवर ट्रस्टच्या शेठजींच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आणि त्याच्या बरोबर खाली माझी खुर्ची. येणारा प्रत्येक जण आधी शेठच्या वडिलांना हात जोडतो आणि मग मला विचारतो, इंजेक्शन कुठे मिळतं.

गेल्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने अर्धं सुरत पळालं. परत आलेल्यांच्या मनावर काही परिणाम झाला असावा, असं कुठल्याशा परदेशी संस्थेला वाटलं. त्यांनी पैसे दिले, ट्रस्टने माणूस शोधला आणि मी सापडलो. दारावर ‘डॉ. हेमराज पाटील’ अशी पाटी आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रात एम. फिल. आहे. ट्रस्टच्या सेक्रेटरी हर्षदाबेन यांना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, “हेमराजभाई, आ लोको माटे तो डॉक्टरच ने!” या बाईंशी वाद घालण्यापेक्षा पाटी राहू दिली.

मला का घेतलं तेही मुलाखतीतच कळलं. “तमे जळगाव साइडना ने? ह्या लोकांची भाषा येते ने?” मी म्हटलं, थोडी समजते. थोडी! अमळनेरला आमच्या घरात अहिराणीशिवाय दुसरं काही बोललंच जात नव्हतं. पुण्याला हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ‘मी जातो’च्या जागी ‘मी जास’ म्हणालो आणि पुढे सबंध टर्म मेसमध्ये पोरं मला ‘जास’ म्हणून हाक मारत होती. ती भाषा मी तिथेच टाकली. या फिनाइलच्या खोलीत ती परत उचलायला मी आलेलो नाही.

१९ जून

प्रश्नावली चालवून बघितली. चिंधा नावाचा लूमवरचा कारागीर होता. विचारलं, झोप नीट लागते का? तर म्हणे, “खाटलं एक शे साहेब, मानसं दोन. मनी पाळी येस तवय झोपस.” म्हणजे पाळीपाळीने झोपतात. आता याला होय म्हणायचं की नाही? दुसऱ्याला विचारलं, एकटेपणा वाटतो का. खोलीत नऊ जण राहतात, एकटं व्हायला जागा मिळाली तर कळवतो, म्हणाला आणि वर हसला. साध्या प्रश्नाला साधं उत्तर देण्याची ज्यांची ऐपत नाही, त्यांची मनं मोजायला निघालोय आपण.

२६ जून

अखेर एक बरी केस आली. सरलाबाई, वय चाळिशीच्या आसपास. घरी साड्यांचे धागे कापायचं काम करते. तिला तिचा धाकटा दीर सुकलाल घेऊन आला. बरोबर तिची मुलगी योगिता, सोळा-सतरा वर्षांची. बाई अक्षय्य तृतीयेपासून बोलत नाही. एक शब्द नाही. कान, जीभ, घसा सगळं ठीक असल्याचं सिव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे.

हकिकत सुकलालने सांगितली. सांगताना दोनदा रडला. हे लोक फार लवकर रडतात. प्लेगच्या पळापळीत त्याचा थोरला भाऊ धुडकू, म्हणजे या बाईचा नवरा, उधन्याहून गाडीत चढला. बायको-मुलगी मागे राहिल्या. गावी मारवडला तो पोचलाच नाही. प्रेत नाही, पत्ता नाही. मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. भाऊबंदकीत प्रश्न उठला, धुडकूची घागर भरायची की नाही? सगळ्यांनी सरलाबाईला विचारलं. ती त्या क्षणी गप्प झाली ती आजतागायत.

“आते श्रावणमा कानबाई येई, साहेब,” सुकलाल म्हणाला. “तवय काय करूत?”

मी काही न कळल्यासारखी मान हलवली. त्याने मग मला कानबाई, आमच्याच खान्देशातली देवी, समजावून सांगितली. मला! म्हणे, श्रावणात कानबाई बसायच्या आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, तो तान्हा असो की म्हातारा, सव्वा मूठ गहू मोजून घेतात. त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. धुडकूची मूठ घेतली आणि तो मेलेला निघाला, तर देवीच्या रोटात मेलेल्याचं धान्य पडलं, सगळं कुळ बाटलं. मूठ घेतली नाही आणि तो जिवंत असला, तर जित्या माणसाला कुळातून काढलं. आखाजीला मेलेले मोजायचे, कानबाईला जिवंत मोजायचे. यांची खानेसुमारी सरकारपेक्षा कडक आहे.

आमच्याही घरी कानबाई बसते. आई माझ्या नावाची मूठ घेत असणार, मला विचारून थोडीच घेते.

३ जुलै

दोन बैठका झाल्या. बाई समोर येऊन बसते, पदर सारखा करते, माझ्याकडे सरळ बघते. बोलत काही नाही. डावं मनगट वाकडं जुळलेलं आहे. योगिताला विचारलं तर म्हणाली, “मम्मी गिर गई थी, सर.” मग थांबून म्हणाली, “दो बार.” धांदरट असणार.

निदान उघड आहे. न पचलेला शोक, त्यातून आलेलं मुकेपण. नवरा मेला हे मन मान्य करत नाही, म्हणून जीभ संप करते. तिने ‘तो गेला’ एवढं तोंडाने म्हटलं की झालं.

आज घरी जाऊनही बघितलं. मुलीचं वागणं मात्र विचित्र वाटलं. बाप बेपत्ता होऊन वर्षही झालेलं नाही आणि ही रेडिओ लावून भाकरी थापते, शेजारणींशी खिदळते. आईसुद्धा हसते, अर्थात आवाज न करता. भावना आणि परिस्थिती यांचा मेळ नाही. या घरात कोणालाच नीट दुःख करता येत नाही.

११ जुलै

आज ट्रस्टची मीटिंग. खमण, फाफडा आणि ‘कल्चर’. परदेशी संस्थेकडून कळवलंय की उपचार लोकांच्या संस्कृतीला धरून हवेत. हर्षदाबेनना हा शब्द इतका आवडला की त्यांनी तो दर वाक्यात घातला. “हेमराजभाई, आपणी थेरपी मां कल्चर क्यां छे?” त्यांची संस्कृती म्हणजे नवरात्रीत या बायकांना गरब्यासाठी एकसारख्या साड्या वाटणे. मी म्हटलं, बेन, कल्चर आणतो. खमण संपेपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या.

मुठीचं सांगितलं. ‘प्रत्यक्ष वस्तीत फिरून मिळवलेली माहिती’ असं म्हणालो. टाळ्या पडल्या.

२० जुलै

बोलली!

कशी बोलली ते मात्र हर्षदाबेनना सांगण्यासारखं नाही. दुपारी लाइट गेली. पंखा बंद, शेजारच्या शेडमधले लूमही बंद, एकदम शांतता. मी घामाने चिंब आणि समोर ही बाई दगडासारखी. माझा तोल गेला आणि तोंडून निघून गेलं, “बोल ना माय! कसाले मना जीव खास?”

बाईने मान वर केली आणि चक्क हसली. म्हणाली, “मंग पहिलेच अस बोलनं व्हतं ना, भाऊ.”

मग तिने योगिताला पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

“तो मरेल नही. तो कडोदराले शे. जित्ता शे. मी देखा त्याले.”

आखाजीच्या आधी पार्वती नावाच्या शेजारणीबरोबर ती साड्यांचे गठ्ठे आणायला सुरतेबाहेर कडोदऱ्याला गेली होती. तिथे भाजीच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, धुडकू एका बाईच्या हातातली पिशवी धरून उभा. त्याने हिला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पुस्तकात असतो तसा नमुना! मेलेलं माणूस गर्दीत दिसणं हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. तोंड फिरवणं ही भर तिची स्वतःची. मी शांतपणे विचारलं, असं आहे तर घरच्यांना सांगत का नाहीस?

“सांगं जित्ता शे, ते सुकलालभाऊ त्याले धरी लयी ई. सांगं मरी गया, ते कानबाईसमोर खोटं पडी. मंग काय बोलू?”

“नवरा परत आला तर चांगलंच की.”

ती मनगट चोळत बसली. सवय दिसते.

भ्रमाला तिने स्वतःच किती पक्कं कुंपण घातलंय बघा. खरं बोलायचं नाही, खोटं बोलायचं नाही, म्हणून गप्प. अडाणी माणसाचं मनही आजार टिकवण्याच्या कामी केवढं हुशार होतं! पुढल्या बैठकीत हे कुंपण मोडायचं.

२७ जुलै

बाई माझ्याशीच बोलते, तीही अहिराणीत. घरी अजून मुकीच. मीही नाइलाजाने अहिराणीत बोलतो. दार बंद असतं, कोणाला ऐकू जात नाही.

मी तिला समजावलं की दुःख नाकारण्याने माणूस आजारी पडतं, आणि माझ्या मते धुडकू गेलेला आहे. तिने वाद घातला नाही. उलट नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “भाऊ, डॉक्टरनी सांगं ते घरना ऐकतस का?”

म्हटलं, ऐकावंच लागेल.

“मना सांगावरथीन सांगश्यात, का तुमना शिक्षनवरथीन?”

मी हसलो. म्हटलं, तुझ्या सांगण्यावरून कसं सांगेन, तू तर तो जिवंत आहे म्हणतेस. मी माझ्या शास्त्रावरून सांगणार.

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, “मंग खोटं कोनंच नही.”

आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली, बराच वेळ. मला समाधान वाटलं. याला म्हणतात आतून आलेली जाणीव. उद्या सुकलालला बोलावून सांगतो की, या वर्षी धुडकूची मूठ घ्यायची नाही. त्यांचाच विधी आणि त्यातून उपचार. हर्षदाबेनच्या कल्चरला आणखी काय पाहिजे!

५ ऑगस्ट, शनिवार

मूठ मोजायला मला बोलावलं. भाऊबंदकीतले थोरले, बाबुराव आप्पा, आंघोळ करून ओलेत्याने बसले होते. एकेकाचं नाव घेत होते आणि सव्वा मूठ गहू परातीत टाकत होते. शेजारी टीव्ही चालू, गल्लीत पोरांची गुजरातीत भांडणं आणि हे सगळं गंभीर. माझं शिक्षण सार्थकी लागलं!

धुडकूच्या जागी आप्पा थांबले. गव्हात हात तसाच. माझ्याकडे बघितलं. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली, नाही म्हणून. आप्पांनी डोळे मिटले आणि पुढचं नाव घेतलं, “सुकलाल.”

सुकलाल ओक्साबोक्शी रडला. बायकांनी गळा काढला. धुडकूला मुलगा नाही, त्यामुळे सरलाबाईच्या घरातून परातीत एकही मूठ नाही. तिने गळ्यातली काळ्या मण्यांची पोत आपल्या हाताने काढली, कोणाला पुढे येऊ दिलं नाही, आणि उद्या कानबाई डोक्यावर घ्यायचा तिचा थोरल्या सुनेचा मान जावेकडे गेला. ती उंबऱ्याच्या आत सरकून बसली. योगिताने मला चहा दिला. डोळे रडून लाल, पण हात स्थिर.

मुठी मोजून झाल्या तेव्हा सरलाबाई जावेला म्हणाली, “परात उचल, गहू सांडतीन.” जावेने परात उचलली. बोलली म्हणून आप्पांनी माझ्यापुढे हात जोडले. मी जोडू दिले.

६ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, शालू. हर्षदाबेन कॅमेरा आणि एक गोरा पाहुणा घेऊन आल्या होत्या. पाहुण्याने फुगडीचे फोटो काढले आणि माझा हात हलवून हलवून खांदा दुखवला. बडोद्याला या प्रयोगावर भाषण द्यायचं ठरलं आहे. मूर्खांनी केलेलं कौतुक आपल्याला आवडतं, हे आज लक्षात आलं.

७ ऑगस्ट, सोमवार

आज विसर्जन. दुपारी कानबाई उठायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून धुडकू उतरला.

मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. पण सुकलाल ज्या आवाजात ओरडला त्यावरून ओळखायला काही उरलं नाही. धडधाकट माणूस, नवा शर्ट, तोंडात तंबाखूचा मावा. भाऊ मिठी मारून रडला. मग भाऊच त्याला ढकलून विचारायला लागला, कुठे होतास? धुडकू म्हणाला, बिमार होतो, याद गेली होती. एवढीच याद बरी राहिली की, त्याच्या लूमवरच्या कोण्या खान्देशी माणसाने काल सांगितलं, कानबाईला तुझी मूठ घेतली नाही. ज्याची मूठ पडत नाही तो वर्ष काढत नाही, असं यांच्यात मानतात. दहा महिने बायको आठवली नाही, पोरगी आठवली नाही. सव्वा मूठ गव्हासाठी मात्र पळत आला, घाबरून, पांढराफटक पडून. इतका क्षुद्र माणूस मी जवळून पहिल्यांदाच बघत होतो.

आणि मी? वीस जुलैला तिने मला सरळ सांगितलं होतं, कडोदरा, भाजीची लारी, सगळं. मी शेरा मारला, भ्रम. कोणत्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. या वस्तीत मूर्ख माणसं शोधत फिरत होतो, शेठच्या वडिलांच्या फोटोखालीच एक बसलेला होता.

भाऊबंद जमले. हर्षदाबेन विसर्जन बघायला आल्या होत्या, त्या खुर्चीतून उठून उभ्या. आप्पांनी निवाडा मांडला. रोट मांडले गेले की मूठ वाढत नाही, धुडकूला पुढच्या कानबाईपर्यंत थांबावं लागेल, तोवर त्याच्या घरात त्याला जागा नाही. पण डॉक्टरची चूक झाली असेल, तर चुकून राहिलेली मूठ कानबाई उठायच्या आत भरून घेता येते. मग तो आजपासून घरात, सरलाने पोत घालायची आणि झालं गेलं विसरायचं.

“साहेब, तुमनी चूक जयी का?” आप्पांनी विचारलं.

सरलाबाई दारात उभी होती. गळा मोकळा. योगिता तिच्या मागे, आईचा पदर मुठीत धरलेला. रेडिओ लावून खिदळणारी ती पोरगी बापाकडे बघतही नव्हती. बाईने माझ्याकडे बघितलं नाही. ती आपल्या डाव्या मनगटाकडे बघत होती, आणि मला त्या मनगटाचा, योगिताच्या त्या ‘दो बार’चा अर्थ तेव्हा, भर गल्लीत कळला. इतका राग आला की कानात गरम वाफ भरली. त्याचा आला, माझाही आला.

मी म्हणालो, “मनी चूक नही.”

अहिराणीत. सगळ्यांच्या देखत, हर्षदाबेनच्या देखत.

“मी सांगं व्हतं, सप्टेंबरमा जो मानूस गाडीमा चढना तो परत येवाव नही. तो येल नही. हाऊ दुसरा शे.”

धुडकू हसायला लागला. “डॉक्टर येडा शे का? मी समोर हुभा शे!”

“मी चुकत नही,” मी पुन्हा सांगितलं. हर्षदाबेनपुढे नाक कापून घ्यायचं नव्हतं, बडोद्याचं भाषण होतं, बाकी काही नाही. माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून मी एका जित्या माणसाला गल्लीत उभा ठेवून मेलेला म्हणालो.

आप्पांनी सुकलालकडे बघितलं. सुकलालने वहिनीकडे. सगळ्या गल्लीला आता तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तीन महिने जिला कोणी बोलतं करू शकलं नाही, ती शांतपणे आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर आली. उंबरा ओलांडला नाही. आतूनच हात लांब करून तिने धुडकूपुढे पाणी धरलं, जसं दारी आलेल्या कोणालाही देतात.

“तुम्ही कोनता गावना, पाव्हना?”

धुडकूने तांब्या घेतला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मारवड म्हणावं तर इथे सगळेच मारवडचे, पुढला प्रश्न लगेच आला असता, मग इतके दिवस कुठे होतास. तोंडातला मावा त्याने गिळला.

“कडोदराना,” तो म्हणाला.

सुकलालने मान खाली घातली; भावाची याद कधी गेलीच नव्हती, हे त्याला कळलं.

“लांब शे,” सरलाबाई म्हणाली. “अंधारं पडाना पहिले निंघा.”

तो पाणी प्यायला आणि तांब्या उंबऱ्यावर ठेवून रिक्षाकडे गेला. मग बायकांनी कानबाई उचलली.